रिकाम्या पोटी हात हलका

४ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार वगळून बाकी सगळं या पत्रात आहे.

मायना काय लिहावा यातच माझी एक दुपार गेली. तुमच्या घरची सून म्हणून लिहावं, तर ते नातं तुमच्या भावाने कोर्टात जाऊन पुसलं. परकी म्हणून लिहावं, तर परक्या बाईला इतका राग येत नाही. तेव्हा वन्संच म्हणते. जुनी सवय आहे, आणि ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही हेही ठाऊक आहे.

बातमी अशी, की मी वेडी नव्हते.

उन्हाळ्यात माझं ऑपरेशन झालं. इथे गणवेश शिवायच्या दुकानात काजे करता करता मी मशीनवरच आडवी झाले. दुकानातल्या बायका तोंडावर पाणी मारत बसल्या नाहीत, सरळ इस्पितळात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट काय केली, तर बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली. ती नसल्यातच जमा होती. मग एकामागून एक तपासण्या. माझ्या स्वादुपिंडात, म्हणजे पोटात जिथे इन्सुलिन तयार होतं तिथे, वाटाण्याएवढी गाठ निघाली. ती वेळीअवेळी इन्सुलिन ओतत बसायची. इन्सुलिन जास्त झालं की रक्तातली साखर संपते आणि मेंदू उपाशी पडतो. मग माणूस घामाने भिजतो, थरथरतो, एकाचे दोन दिसतात, शिव्या देतो, चावतो आणि शेवटी झटका येऊन कोसळतो. दोन-चार चमचे साखर पोटात गेली की थोड्याच वेळात पुन्हा शहाणा.

आता आठवा.

तुमच्या घरची रीत आठवा. व्हायोलिनला व्हार्निशचा हात द्यायचा तो सकाळीच आणि रिकाम्या पोटी. 'भरल्या पोटी हात जड होतो,' हे तुमच्या वडिलांचं वाक्य. आत गेलं की दार बंद. धुळीचा कण शिरू नये म्हणून उंबऱ्याशी ओलं फडकं. हात पुरा होईपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही, कुणी आत जायचं नाही. घरात माझा हात सगळ्यांत हलका, म्हणून तिथे मला बसवायचात. त्याच खोलीत मी ब्रश फेकायचे, अभद्र बोलायचे. एकदा तर चेलोवर, त्या थोरल्या व्हायोलिनवर, आख्खा डबा ओतला. सुटले की स्वयंपाकघरात जाऊन साखरेचे बकाणे भरायचे. त्यावरून तुम्ही माझं नाव 'मुंगी' ठेवलंत. आधी साखरेच्या कपाटाला कुलूप लागलं, मग माझ्या खोलीला.

मला ठेवलंत त्या वेड्यांच्या इस्पितळातले डॉक्टर चक्रावून जायचे, की ही बाई इथे आली की सुधारते आणि घरी गेली की बिघडते. तुम्ही म्हणालात, नाटकं करते. अहो वन्सं, तिथे उठल्याबरोबर खायला देत होते! वेड्यांत राहून मी शहाणी असायचे आणि शहाण्यांत आले की वेडी.

रिपोर्टची नक्कल सोबत आहे. ती तुमच्या भावाला मोठ्याने वाचून दाखवा. दुकानातल्या मिस्त्रींना दाखवा. आणि माझ्या लेकीच्या हातात द्या. आई वेडी म्हणून माझी तेव्हा शाळकरी असलेली भिंगरी माझ्याकडून काढून तुमच्या पदरात घातली, ती तुमच्या साक्षीवर.

मला तुमची माफी नको. तुमचं उतरलेलं तोंड हवं आहे.

तुमचीच
मुंगी


१९ सप्टेंबर

वहिनी,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तुझं पत्र वाचून वाटलं, तू ते परत पाठवशील.

तू बरी झालीस हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. स्वभाव मात्र गाठीबरोबर गेलेला दिसत नाही. तो डॉक्टरांच्या हाताला लागला नसावा.

आता माझं ऐक. तेव्हा आम्हाला काय कळणार होतं? मोठमोठ्या डॉक्टरांना जे कळलं नाही ते मला कळायला हवं होतं का? तू माझ्या मनगटाला चावलीस, तो वण अजून आहे. कोर्टात मी तोच दाखवला. खोटं एक अक्षर बोलले नाही. आता जुनी मढी उकरून कुणाचं भलं होणार?

रिपोर्ट मी कुणाला दाखवला नाही. दादाला दाखवून उपयोग नाही, कारण दादा आता दादा राहिलेला नाही. मधुमेह त्याला कित्येक वर्षं आहेच. गेल्या वर्षापासून तो मेंदूवर गेला. विसरतो, भलतंच बोलतो. मागच्या आठवड्यात भिंगरीकडे बोट दाखवून म्हणाला, 'ही कोण बाई दुकानात शिरलीय, हाकला तिला.' पोरगी दिवसभर रडत होती. विसरण्याच्या आजाराचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, मधुमेह असणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो, वयही झालंय, सांभाळून घ्या. तसं घेतेय.

भिंगरी दुकानाचा पुढचा भाग बघते. हुशार आहे, गिऱ्हाइकाला बरोबर गुंडाळते. लग्नाचं मात्र नाव काढू देत नाही. 'आईचं माझ्यात उतरलं तर?' म्हणते. तिला तू आता नव्याने ढवळू नकोस. दुकानात फोन करू नकोस, फोन तीच उचलते. लिहायचंच असेल तर माझ्या नावाने लिही.

झालं गेलं विसरून जावं माणसाने.

तुझी
वन्सं


२५ सप्टेंबर

वन्सं,

'झालं गेलं विसरून जावं' म्हणे! तुमच्या भावाने तुमचा सल्ला फारच मनावर घेतलेला दिसतोय.

माझी लेक माझ्या न लागलेल्या वेडाच्या भीतीने लग्न करत नाही. तसं काही नव्हतं हे सांगणारा कागद तुमच्या कपाटात पडलाय. आणि वर मलाच म्हणता, तिला ढवळू नकोस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तुमच्या भावाचं वाचलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. मशीनवर बसल्या बसल्या मी गुणगुणत होते म्हणून शेजारची कारागीर विचारत होती, 'काय हो, लॉटरी लागली का?' म्हटलं, तसंच समज.

आता एक करा. सगळं नीट, बारकाईने लिहा. तो भलतंच बोलतो म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी? तेव्हा घाम येतो का, कॉलर भिजते का? हात थरथरतात का? जेवल्यावर कसा असतो? औषध काय घेतो, केव्हा घेतो? अजून व्हार्निशच्या खोलीत बसतो का? काही गाळू नका. मला चवीने वाचायचं आहे.

मुंगी


१० ऑक्टोबर

वहिनी,

तू वरून कितीही कडू बोललीस तरी आतून तुला त्याचं वाटतं, हे मी ओळखलं. नाहीतर कॉलर भिजते का हे कोण विचारतं? बायकोच विचारते. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून सगळं लिहिते.

बिघडतो तो बहुतेक सकाळीच. मधुमेहाची गोळी उठल्याबरोबर देते, त्यात माझा एक दिवस चुकत नाही. मग तो व्हार्निशच्या खोलीत जातो. अजून जातो, ते काही सुटलेलं नाही. रिकाम्या पोटी, आपल्या पद्धतीप्रमाणे. बाकी सगळं विसरेल पण ते विसरणार नाही. थोड्या वेळाने आतून बडबड ऐकू येते. घाम म्हणशील तर सदरा पिळून काढावा इतका. हात थरथरतात, डोळे भलतीकडेच. एका व्हायोलिनच्या मानेला परवा व्हार्निशचे इतके थर दिले की मिस्त्री म्हणाले, 'ताई, हे वाजवायचं की चाटायचं?' माणसाने हसावं की रडावं!

दार मी उघडत नाही. व्हार्निशचा ओला हात असतो ना. तो पुरा झाला की बाहेर आणून जेवायला वाढते, आणि दुपारी बघावं तर गडी ठीक. विसरण्याच्या डॉक्टरांकडे आम्ही दुपारीच जातो. तिथे तो शहाण्यासारखी उत्तरं देतो आणि मी खोटी पडते.

सगळ्यांत वाईट म्हणजे तो साखर मागतो. अगदी लहान मुलासारखा, हात पुढे करून. मधुमेहाच्या माणसाला साखर कशी देऊ? कपाटाला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या कमरेला. असा पिसाटला की मी ओळखते, साखर चढली. मग गोळी अर्धी जास्त देते. डॉक्टरांना एवढं सांगत नाही, उगाच ओरडतील. पण मी काळजी घेते त्याची, वहिनी. माझ्याइतकी कुणी घेणार नाही.

वन्सं


१६ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र मी घड्या झिजेपर्यंत वाचलं.

बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. पण मी कोण सांगणार? मी तर वेडी. तसं कोर्टाच्या कागदावर तुमच्या साक्षीनिशी लिहिलंय. आणि वेडीच्या तोंडून आलेलं शहाणपण तुमच्या घरात कुणाला पचलंय?

तुम्ही त्याची काळजी घेताय, तशीच घेत राहा. माझीही अशीच घेतली होती.

मुंगी


१२ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं मागचं पत्र मला नीट समजलं नाही. रागावलीस की काय? उत्तर लिहायचं राहिलं, कारण इथे दिवस फार वाईट गेले.

दादाला झटका आला. व्हार्निशच्या खोलीतच. दार ढकललं तर दातखीळ बसलेली, टाचा जमिनीवर आपटत होत्या. मला तूच दिसलीस. खरं सांगते, तीच फरशी, तेच आपटणं. शेजारच्यांनी धावत येऊन उचललं. शुद्धीवर आल्यावर ग्लासभर सरबत प्यायला, तेव्हा कुठे बोलायला लागला. सरबत शेजारणीने परस्पर पाजलं. मी तिला नंतर चांगलं सुनावलं, मधुमेहाच्या माणसाला कुणी सरबत देतं का?

आता माझ्याने होत नाही. वकिलाशी बोलले. दादाला आपलं भान नाही असं ठरवून घ्यायचं, दुकान भिंगरीने आणि मी चालवायचं, आणि त्याला संस्थेत ठेवायचं. पुढच्या महिन्यात तपासायला माणसं येतील. भिंगरीला हे पटत नाही, पण पटेल. जवळ दुसरी जागा नाही, तेव्हा तुला ठेवलं होतं तिथलाच पुरुषांचा विभाग बघून आले. स्वच्छ आहे.

आणि एक. सांगू की नको असं झालंय. काल सकाळी खोलीतून बाहेर काढताना तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'काय गं, माझं लग्न झालं होतं का?' मी म्हटलं, झालं होतं रे. तर म्हणाला, 'मग ती कुठेय? चांगली होती का?' म्हटलं, चांगली होती. तर हसला. इतका निवांत हसला, वहिनी. इतक्या वर्षांत त्याला असं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

वाटलं, तुला हे कळावं. तुझ्याही मनाला शांतता मिळेल.

वन्सं


१५ नोव्हेंबर
हस्ते, आमच्या दुकानाचे गाडीवाले

भिंगरे,

मी तुझी आई. ओळख पटायला आता दुसरं काही नाही, हे अक्षर तेवढं आहे. हे पत्र तुझ्याच हातात पडावं म्हणून पोस्टाने पाठवलं नाही. आमची गाडी तुमच्या गावच्या शाळेत गणवेश पोचवायला येते, सकाळीच पोचते. गाडीवाल्याला बजावलंय, आत्याने मागितलं तरी द्यायचं नाही.

आता रडत बसू नकोस. आधी वाच, आणि वाचता वाचताच आत चालायला लाग.

तुझ्या बापाला वेड लागलेलं नाही. निदान तुम्ही समजता तेवढं तरी नाही. मधुमेहाची ती गोळी अंगातलं इन्सुलिन वाढवते आणि रक्तातली साखर खाली आणते. ती घेऊन खाल्लं नाही तर साखर प्रमाणाबाहेर खाली जाते, आणि मेंदू उपाशी मरायला लागतो. तुझी आत्या गोळी देऊन त्याला उपाशी पोटी कोंडते. तो भ्रमिष्टासारखा वागला की आणखी अर्धी गोळी देते. साखर मागितली की कपाटाला कुलूप. ती हे मारण्यासाठी करत नाही, पण मरायला तेवढं पुरेल. विसरण्याच्या डॉक्टरांचाही दोष नाही. त्यांना हा जेवलेला दाखवलात आणि अर्ध्या गोळीचं सांगितलंच नाहीत.

तू हे वाचत असशील तेव्हा तो आत बसलेला असेल. दार उघड. हात ओला असला तरी उघड, सताड उघड. मिस्त्रींना बोलाव, कारागिरांना बोलाव, आत्याला पुढे उभी कर. किल्ली तिच्या कमरेला आहे, ती सगळ्यांसमोर माग. पाण्यात साखर घालून पाज. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नकोस, ठसका लागून जाईल, तसाच उचलून इस्पितळात ने. शुद्धीवर आला तर लगेच जेवायला घाल, आणि मग इस्पितळात नेच. ती गोळी अंगात रेंगाळते, बरा वाटला म्हणून घरी ठेवाल तर संध्याकाळी पुन्हा पडेल. गोळ्यांची पाकिटं बरोबर घे. अर्धी जास्त दिलेली आत्याने डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगायची.

त्याला आणि मला झालं ते एकच. त्याला गोळीने होतं, मला पोटातल्या गाठीने व्हायचं. माझा रिपोर्ट आत्याच्या कपाटात आहे. तोही सगळ्यांसमोर मागून घे. तुझ्या रक्तात वेड नाही, पोरी. बापाकडचा मधुमेह येऊ शकतो, तेवढा सांभाळ. खुशाल लग्न कर. नाहीतर नको करूस, पण माझ्या नावावर ढकलू नकोस.

सगळ्यांसमोर हे मी मुद्दाम म्हणतेय. मलाही सगळ्यांसमोरच बाहेर काढलं होतं.

आई


३० नोव्हेंबर

वहिनी,

तुझा गाडीवाला आला. मी पुढे होऊन पत्र मागितलं, तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो कसा, 'भिंगरी म्हणण्याजोग्या दिसत नाही तुम्ही.' कारागीर फिदीफिदी हसले. तुझ्या दुकानातली माणसं तुझ्यावरच गेली आहेत.

भिंगरीने उभ्या उभ्या वाचलं आणि पळतच गेली. खोलीचं दार लाथ घालून उघडलं. मिस्त्री ओरडत होते, 'अगं पोरी, हात ओला आहे!' तिने ऐकलं नाही. वाऱ्याबरोबर रंधा मारलेल्या लाकडाचा भुसा आत शिरला आणि दोन्ही व्हायोलिनवर चिकटला. वडिलांच्या काळापासून या घरात असं कधी झालं नव्हतं.

दादा स्टुलावर बसून स्वतःच्या बाहीला व्हार्निश लावत होता. अगदी निगुतीने, एकावर एक पट्टा. आम्हाला बघून शिव्या द्यायला लागला. भिंगरीने मान न वळवता हात मागे केला आणि म्हणाली, 'आत्या, किल्ली.' सगळे बघत होते. मी दिली. तुला हेच बघायचं होतं ना? तू इथे नव्हतीस, म्हणून लिहून कळवते. किल्ली सोडवताना माझी बोटं चालेनात. गाठ मिस्त्रींनी सोडली.

तिने पाजलं. अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं. आम्ही सगळे खुळ्यासारखे उभे होतो. हळूहळू त्याचे डोळे जागेवर आले. बाहीकडे बघितलं. व्हायोलिनकडे बघितलं, 'दार कुणी उघडलं?' म्हणून ओरडणार इतक्यात पोरीच्या हातातला चमचा दिसला. मग एवढंच म्हणाला, 'तिला आपण कोंडून ठेवलं होतं.'

कुणाला, ते त्याला कुणी विचारलं नाही.

इस्पितळात ठेवून घेतलं. दोनदा साखर पुन्हा उतरली, म्हणजे घरी ठेवला असता तर गेलाच असता. मूत्रपिंडं जुनी झाल्यामुळे गोळी शरीरातून लवकर निघत नव्हती. गोळी बदलली. अर्धीचं मी सांगितलं, माझ्या तोंडाने. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मधुमेहाच्या इतक्या वर्षांनी मेंदूची थोडी झीज झालीच आहे, या उपासाच्या झटक्यांनी आणखी झाली असेल. पण बरंचसं धुकं विरेल. विरलं. आता सकाळी उठला की मला नावाने हाक मारतो. संस्थेचं मी रद्द केलं. तुझा रिपोर्ट पुढच्या दुकानात काचेखाली लावलाय, भिंगरीने. गिऱ्हाईक वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

आता तुला विचारते. सप्टेंबरात तू विचारलंस, घाम येतो का, कॉलर भिजते का. मला वाटलं, माया. ती माया नव्हती. तुला तेव्हाच शंका आली होती. मी ऑक्टोबरात गोळीचं आणि किल्लीचं लिहिल्यावर तुला खात्री झाली, आणि तू मला लिहिलंस, 'काळजी घेताय, तशीच घेत राहा.' त्यानंतर महिना गेला, वहिनी. त्या महिन्यात रोज सकाळी मी माझ्या भावाला विष घालत होते आणि तू तिथे बसून काजे करत होतीस. मी केलं ते न कळून केलं. तू कळून केलंस.

भिंगरीने सगळी पत्रं मागून घेतली. तारखा तिनेही वाचल्या. तुला भेटायला निघाली होती, बॅग भरली होती. ती बॅग अजून तशीच भरलेली आहे. म्हणाली, 'आईला सांग, येईन. आत्ता नाही.'

आता आपली फिटंफाट झाली असं मी म्हणणार नाही. तू म्हण, तुला वाटलं तर.

वन्सं


१४ डिसेंबर

तुला,

थोडंच लिहितो. हल्ली सकाळी खाऊनच खोलीत जातो. हात जड होत नाही. वडील चुकीचं सांगत होते. इतकी वर्षं कुणी करूनच पाहिलं नाही.

तू डब्यापाशी उभी राहून साखर खायचीस तेव्हा तुला काय वाटायचं, ते मला आता माहीत आहे. जीव बुडत असतो आणि हाताला काठ लागतो. मी तुझा हात धरून तुला काठावरून ओढायचो. खोलीला कुलूप तुझ्या वन्संनी लावलं असं तू समजतेस. आणलं तिने, लावायचो मी. तू आतून आधी शिव्या द्यायचीस, मग माझं नाव घ्यायचीस, मग आवाज बंद व्हायचा. आवाज बंद झाला की मी कामाला जायचो.

हे रोज सकाळी आठवतं. पूर्वी धुकं होतं ते बरं होतं असं वाटतं. तुझी वन्सं म्हणते, तेव्हा मी हसायचो.

तू मला वाचवलंस. आता आणखी एक कर. माफ कर. ते जमत नसेल तर मला एकदा भेट आणि काय बोलायचं ते बोलून टाक, म्हणजे हे थांबेल.

तुझा म्हणायला तोंड नाही


२२ डिसेंबर

अहो,

पत्र मिळालं. अक्षर अजून सरळ आहे, ओळी खाली उतरत नाहीत. इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, छान सुधारणा आहे.

वन्संना सांगा, त्यांचं म्हणणं खरं आहे. मला कळलं होतं. सप्टेंबरात अर्धं, ऑक्टोबरात पुरतं. मी महिनाभर गप्प बसले आणि मला झोप नीट लागत होती. त्याची किंमत पडली. माझी लेक उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली. ती किती दिवस थांबेल मला माहीत नाही. ते माझं मी बघेन. त्यात तुम्ही पडू नका, आणि तिच्याकडे माझी वकिली करू नका.

पण मी तुम्हाला का वाचवलं, ते तुम्ही चुकीचं समजलात. झटका आल्याचं वाचूनही मी पेन उचललं नव्हतं. पुढे वन्संनी लिहिलं, तुम्ही विचारलंत की माझं लग्न झालं होतं का, आणि हसलात. हलके होऊन हसलात. तेव्हा मी ताडकन उठले. माझ्या लक्षात आलं, हा सुटतोय. मला कोंडलं, मुलगी नेली, नाव घालवलं, आणि आता हा माणूस सगळं विसरून, 'चांगली होती का' विचारत, निवांत मरणार. माझ्याजवळचं सगळं मला आठवतंय, आणि याच्याजवळचं पुसलं जातंय. असं कसं चालेल?

म्हणून गाडीवाल्याला थांबवून पत्र लिहिलं. विसरलेला माणूस माझ्या काही कामाचा नव्हता. मला लख्ख आठवणारा हवा होता. तो मला मिळाला.

माफी देत नाही. भेटायलाही येत नाही. भेटले आणि चार शिव्या दिल्या की तुम्हाला हलकं वाटेल, हे मला कळतं. तुम्हाला ते 'थांबायला' हवंय. माझं थांबलं होतं का?

डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम विचारलं, वयामुळे किंवा मधुमेहामुळे पुढे स्मरणशक्ती गेलीच तर काय आधी जातं? त्या म्हणाल्या, बहुतेकांचं नवं आधी जातं, जुनं पुष्कळ काळ टिकतं. म्हटलं, उत्तम.

तेव्हा नीट ऐका. रोज सकाळी आधी पोटभर खायचं, मग डॉक्टर सांगतील ती गोळी. दर आठवड्याला साखर तपासायची, फार चढूही द्यायची नाही, उतरूही द्यायची नाही. दोन्हींनी मेंदू झिजतो. संध्याकाळी चालायला जायचं. खिशात खडीसाखर ठेवायची. घाम आला, हात थरथरला, की कुणाला न विचारता तोंडात टाकायची. एक दिवसही चुकवायचं नाही.

तुम्ही पुष्कळ जगा. सगळं आठवत जगा.

तुमची बायको